घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी सरकारकडून काय मिळतं? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

खानापूर, निपाणी, बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांत एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत आहे. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, त्याच्यासाठी कोणीतरी काम सोडलं. त्या राबणाऱ्या माणसाचा विचार सरकार करतं का? करतं, पण फार थोडा. आपल्याकडच्या बहुतेक योजनांचा पैसा रुग्णाच्या कागदावरून येतो, सांभाळणाऱ्याच्या नाही. म्हणून रुग्णाचे कागद चोख असणं ही सांभाळणाऱ्याचीच पहिली गरज ठरते. खालची बरीच उत्तरं त्या कागदांविषयीच आहेत.

खानापूर तालुक्यातून : सासऱ्यांच्या अंगावरून दीड वर्षापूर्वी वारं गेलं. वय ६८. उजवी बाजू चालत नाही, अंघोळ, जेवण, संडास सगळं मीच करते. काजूच्या कारखान्यातलं काम सोडावं लागलं. सांभाळणाऱ्याला पगार मिळतो असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात सांभाळणाऱ्याची व्याख्या दिली आहे. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग माणसाची काळजी घेणारी कोणीही व्यक्ती, आईवडील आणि घरचे लोकसुद्धा, तिच्यात बसतात. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही आहात. ज्यांना जास्त मदत लागते अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची योजना राज्यांनी करावी, असंही याच कायद्याचं २४वं कलम सांगतं. मात्र ते राज्याच्या आर्थिक कुवतीवर सोडलेलं आहे, आणि घोडं तिथंच अडतं.

कर्नाटकाने २०२४-२५च्या अर्थसंकल्पात सांभाळणाऱ्यासाठी दरमहा १,००० रुपयांचा भत्ता जाहीर केला. तो चार आजारांपुरता आहे: सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस. अर्धांगवायू या यादीत नाही. सासऱ्यांना पक्षाघाताबरोबर पार्किन्सनचंही निदान असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञाचा तसा कागद घेऊन बेळगावच्या जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात जा. नुसता 'हात थरथरतो' असा शेरा चालणार नाही, आजाराचं नाव लिहिलेलं हवं.

तुमच्यासाठी वाट सासऱ्यांच्या पगारातून, म्हणजे सरकारी पेन्शनमधून, जाते. वय ६५च्या वर असल्याने संध्या सुरक्षा योजनेत त्यांना दरमहा १,२०० रुपये मिळू शकतात. दिव्यांग पेन्शनचे दर वेगळे आहेत: ४० टक्क्यांपासून ८०० रुपये, ७५ टक्के किंवा जास्त असेल तर १,४०० रुपये, आणि बौद्धिक अक्षमता ७५ टक्क्यांवर असेल तर २,००० रुपये. एका माणसाला यातला एकच पगार मिळतो. म्हणून आधी प्रमाणपत्रावर किती टक्के येतात ते पाहा. ७५च्या खाली आले तर संध्या सुरक्षा बरी, ७५ किंवा वर गेले तर दिव्यांग पेन्शन. संध्या सुरक्षेचा पगार आधीच सुरू असेल तर तो स्वतःहून बंद करून नवा अर्ज करू नका. मधले कित्येक महिने हात रिकामे राहतील. बदलाचा अर्ज द्यायचा आणि नवा मंजूर झाल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, हे नाडकचेरीत, म्हणजे गावच्या जवळच्या महसूल कचेरीत, स्पष्ट बोलून घ्या.

'मुलगा कमावतो, मग म्हाताऱ्याला कशाला पगार,' असं सांगून अर्ज तोंडी परत पाठवला जातो. संध्या सुरक्षेत अर्जदार आणि त्याचा जोडीदार या दोघांचं उत्पन्न पाहतात, वर्षाला ३२,०००च्या आत. कर्ती मुलं आहेत एवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. तोंडी नकार ऐकून उठू नका. अर्ज दाखल करा, पावती घ्या, नकार असेल तर तो कागदावर येऊ द्या.

आणखी एक. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून ज्या बाईचं नाव आहे तिला मिळतात, आणि एका कार्डावर एकाच बाईला. सासूबाई हयात असतील आणि प्रमुख त्या असतील, तर पैसे त्यांच्या खात्यात जाणार. ते कोणाच्या खर्चाला वापरायचे हे घरात बसून ठरवा. सांभाळणारीच्या हातात काहीतरी ठरलेली रक्कम पडली पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

उचगाव परिसरातून : दिव्यांग कार्ड काढायचं आहे, पण वडील खाटेवरून उठत नाहीत. कुठून सुरुवात करू?

हे कार्ड म्हणजे यूडीआयडी. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करतात. गावात 'ग्राम वन' (Grama One) हे सरकारी सेवा केंद्र असेल तर तिथे होतो, शहरात 'कर्नाटक वन'मध्ये (Karnataka One). अर्जाला आधार, ताजा फोटो, पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल नंबर आणि उपचारांचे कागद लागतात. मोबाइल नंबर केंद्रवाल्याचा देऊ नका. पुढचे सगळे निरोप त्याच नंबरवर येतात आणि केंद्रवाल्याला ते पाहायला सवड नसते.

अर्ज करण्याआधी गावच्या व्हीआरडब्ल्यूला गाठा. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तालुक्याला एमआरडब्ल्यू असतो. हे स्वतःही बहुतेक दिव्यांगच असतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी शिबिर कधी आहे हे त्यांना ठाऊक असतं. न उठणाऱ्या माणसाला घेऊन बेळगावच्या सिव्हिलमध्ये दोनदा हेलपाटा घालण्यापेक्षा जवळच्या शिबिराचा दिवस धरणं केव्हाही सोपं. पंचायतीत विचारा, व्हीआरडब्ल्यूचा नंबर तिथे मिळतो.

तपासणीला जाताना कागदांची पिशवी अशी लावा: पहिल्या दिवसाचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर, त्याखाली सीटी किंवा एमआरआयचा अहवाल, मग आतापर्यंतच्या औषधचिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने. पक्षाघातात झटका आल्यापासून सहा महिने झाल्याशिवाय टक्केवारी ठरवत नाहीत, कारण तोवर सुधारणा होत असते. तारीख सिद्ध करणारा कागद नसला तर परत पाठवतात. डॉक्टर आजार मोजत नाहीत, त्या आजाराने काय करता येत नाही ते मोजतात. वडिलांना कुशीवर वळता येतं का, घास तोंडापर्यंत नेता येतो का, लघवी सांगता येते का, हे विचारलं नाही तरी सांगा. घरची माणसं लाजेपोटी 'तसं बरं चाललंय' म्हणतात, आणि टक्के तिथेच घटतात.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन गोष्टी लगेच वाचा. पहिली, टक्के. ४०, ७५ आणि ८० हे तीन उंबरठे आहेत: ४०ला बहुतेक योजना सुरू होतात, ७५ला पेन्शन वाढते, आणि ८०ला आयकराची मोठी वजावट मिळते. कार्डाच्या पट्टीचा रंगही टक्क्यांवर असतो: ४०च्या खाली पांढरी, ४० ते ८०च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. पिवळं कार्ड पाहून 'तुम्हाला मोठी पेन्शन नाही' असं कोणी म्हटलं तर आतला आकडा दाखवा. ७६ टक्केवाल्याचं कार्ड पिवळंच असतं. दुसरी गोष्ट, प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर त्यावर शेवटची तारीख असते आणि ती उलटली की पगार थांबू शकतो. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर तीन-चार महिने आधीच्या पानावर लिहून ठेवा. तिसरी गोष्ट, नाव.

नावाचा विषय आपल्या भागात मोठा आहे. रेशन कार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. एकाच माणसाचं नाव एका कागदावर 'मारुती', दुसऱ्यावर 'मारूतीराव', तिसऱ्यावर आधी आडनाव मग नाव, चौथ्यावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर. माणूस ओळखतो, संगणक ओळखत नाही, आणि अर्ज मंजूर होऊनसुद्धा पैसे अडतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच: आधारावरचं नाव प्रमाण माना आणि बँक पासबुक, रेशन कार्ड, यूडीआयडी या तिन्हींवर अक्षरन् अक्षर तेच करून घ्या. आधारातच चूक असेल तर आधी ते दुरुस्त करा, मग बाकीचे. उलट क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागतं. कन्नड अर्जातलं नाव सही करण्याआधी कन्नड वाचता येणाऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

निपाणीहून : आईचा पगार मंजूर झाल्याचं पत्र आहे. चार महिने झाले, पासबुकात एक पैसा नाही.

बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, दुसऱ्याच खात्यात. सरकारी पैसा आता खाते क्रमांकावर नाही, आधारावर जातो, आणि आधार सगळ्यात शेवटी ज्या खात्याला जोडलं ते खातं तो पकडतो. आईच्या नावाने पूर्वी कधी बचतगटासाठी, गॅस सबसिडीसाठी किंवा पीक कर्जासाठी खातं उघडलं असेल तर ते पासबुक भरून आणा. खातं विसरलं असेल तर कोणत्याही बँकेत 'आधार कुठल्या बँकेला मॅप झालंय' असं विचारा, पडद्यावर दिसतं.

तिथेही नसेल तर कारणं साधारण तीन असतात. खातं वापराविना गोठलेलं असतं, केवायसी झालेली नसते, किंवा गावच्या तलाठ्याने पडताळणीत 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा मारलेला असतो. शेवटचं आपल्याकडे बरंच घडतं, कारण आई चार महिने मुलीकडे असते. तलाठ्याला भेटून पुन्हा पडताळणी करून घ्या.

म्हाताऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही ही तक्रार अनेकांची आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारात आहे, ती मागा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन उघडतो आणि पैसेही घरी आणून देतो. अंथरुणावरच्या माणसासाठी याहून सोयीचं खातं आम्हाला ठाऊक नाही. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलं आहे. मागितल्याशिवाय ती मिळत नाही.

नाडकचेरीत अर्ज दिला की पावतीवर 'सकाल'चा, म्हणजे ठरल्या वेळेत सेवा देण्याच्या कर्नाटकाच्या कायद्याचा, लांबलचक नंबर असतो. ती पावती म्हणजे तुमचं हत्यार. ठरल्या मुदतीत काम झालं नाही तर 'सकाल' कायद्याने वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे. पण अपील दाखल झालं की फाइल हलते.

निपाणीहूनच दुसरं पत्र : कागलच्या आमच्या नात्यात संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात. आम्ही मराठी, सीमाभागातले. आम्हाला अर्ज करता येईल का?

नाही. त्या योजनेला महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. नातेवाइकाच्या पत्त्यावर आधार बदलून अर्ज करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आधाराचा पत्ता महाराष्ट्रात गेला की कर्नाटकातलं रेशन, गृहलक्ष्मी आणि पगार तिन्ही अडचणीत येतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला होता. पण ती उपचारांची योजना आहे, सांभाळणाऱ्याला रोख देणारी नव्हे.

बेळगाव शहरातून : मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, बुद्धीचीही वाढ कमी. नुकताच १८ वर्षांचा झाला. बँक म्हणते, आता तो सज्ञान, त्याने स्वतः सही करावी. तो पेन धरू शकत नाही. मी त्याची आई, माझी सही का चालत नाही?

कारण १८व्या वाढदिवशी तुमचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपलं. हे फार कमी आईबापांना कोणी आधी सांगतं. पुढचा पालक नेमून घ्यावा लागतो, आईलासुद्धा.

तुमच्या मुलासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ लागू होतो. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांपुरता आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तिच्यात एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज नमुना 'अ'मध्ये करायचा. सोबत मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, तुमचे ओळखपत्र, फोटो आणि दोन्ही पालकांची संमती लागते. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला, वेगळे राहत असतील तर तसं लेखी. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज कुठे द्यायचा ते दिव्यांग कल्याण कार्यालयात आधी विचारा, नाहीतर टेबलाटेबलांवर फिरावं लागतं. कोर्टात जायची गरज नाही आणि वकीलही लागत नाही. समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी खातं उघडायला आणि चालवायला स्वीकारावं, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. शाखेत अडवलं तर 'नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचं पालकत्व' हे शब्द वापरून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

पालक नेमल्यावर जबाबदारी येते, ती बहुतेकांना माहीत नसते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या नावावरच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. मुलाच्या नावावर फक्त पगाराचं खातं असलं तर हिशोब एका पानाचा होतो, पण द्यायचा.

एक गोष्ट आताच उरका. आपल्यामागे कोण, हा प्रश्न तुम्हाला छळत असणारच. बहीण-भावांपैकी जो मनापासून तयार आहे त्याच्याशी आताच बोला. तो माणूस मुलाच्या ओळखीचा व्हावा, मुलाला कसं भरवायचं, फिट आली तर काय करायचं, हे त्याला हाताने येऊ द्या.

पैशांचं असं: सेरेब्रल पाल्सी असल्याने १,००० रुपयांच्या काळजीवाहू भत्त्यासाठी तुम्ही अर्ज करू शकता. पेन्शन मुलाच्या नावाची, हा भत्ता सांभाळणाऱ्यासाठी. याशिवाय निरामय नावाची आरोग्य विमा योजना नॅशनल ट्रस्ट चालवतो. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं कवच, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या फिजिओथेरपीसारख्या उपचारांचाही त्यात विचार होतो. वर्गणी वर्षाला काही शे रुपये असते. इथे नेहमी एक गाडी चुकते: दरवर्षी नूतनीकरण करायचं लोक विसरतात आणि नेमकी त्या वर्षी शस्त्रक्रिया निघते. बिलं आधी आपण भरायची आणि मग मागायची असल्याने प्रत्येक बिलावर मुलाचं पूर्ण नाव आणि डॉक्टरचा शिक्का घ्या.

हुक्केरी तालुक्यातून : माझं वय ४६, लग्न केलं नाही. आईला मीच बघते, दोन भाऊ बाहेरगावी. पैसे पाठवत नाहीत, वर शेताच्या कागदावर सही कर म्हणतात.

सही करू नका. हक्कसोड पत्रावर तर मुळीच नाही. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तुमच्या म्हातारपणाला तोच आधार आहे. तालुक्याच्या ठिकाणी कायदा सेवा समितीत स्त्रियांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. आधी तिथे कागद दाखवा.

भावांकडून तुमच्या श्रमाचे पैसे वसूल करून देणारा कायदा नाही. आईला मात्र हक्क आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ नुसार आई मुलांकडून निर्वाह मागू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, ज्यांना आपण प्रांत किंवा एसी म्हणतो. खानापूरकरांना तो बेळगावला द्यावा लागतो, निपाणीकरांना चिक्कोडीला. तुमचा प्रांत कोणता ते तहसीलदार कचेरीत विचारा. आईला जाता येत नसेल तर ती तुम्हाला अधिकार देऊन तुमच्यामार्फत अर्ज करू शकते. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. आदेश होऊन पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघतं.

अर्जाबरोबर आईचा महिन्याचा खर्च मांडा. 'औषधाला खूप जातात' याला वजन नाही. रक्तदाबाच्या गोळ्या इतक्या, डायपरची पाकिटं इतकी, दूध इतकं, डॉक्टरचा फेरा आणि रिक्षा इतकी, असं ओळीने लिहा, दुकानाच्या पावत्या जोडा. भाऊ म्हणतील, 'आई आमच्याकडे येऊन राहू दे.' आईची मर्जी काय, हे तिच्याच तोंडून अधिकाऱ्यासमोर येऊ द्या.

आई घर तुमच्या नावावर करते म्हणाली तर बक्षीसपत्रात 'मुलीने माझा सांभाळ करावा' ही अट स्पष्ट लिहा. तुमच्या हिताच्या विरुद्ध वाटेल, पण तसं नाही. या कायद्याच्या २३व्या कलमाने अशी अट मोडली तर बक्षीस रद्द होतं, आणि तुम्ही सांभाळता आहात हे त्या कागदावरच नोंदलं जातं. उद्या भावांनी 'फसवून लिहून घेतलं' म्हटलं तर ही ओळ तुमच्या बाजूने बोलेल.

तुमच्यासाठी मनस्विनी योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ४० ते ६४ वयाच्या अविवाहित आणि घटस्फोटित स्त्रियांना दरमहा ८०० रुपये. अर्ज नाडकचेरीतच. आईचा पगार वेगळा, हा वेगळा. माणसं दोन आहेत, म्हणून एकाच घरात दोन्ही चालतात.

चाळिशीच्या आतल्या वाचकांना एवढंच सांगतो: अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयातच शिरता येतं. शुश्रूषेत वर्षं निघून जातात आणि हे दार बंद होतं. महिन्याला थोडे पैसे बाजूला पडत असतील तर आजच बँकेत जा.

खानापूरजवळून : आईला विसरण्याचा आजार. रात्री उठून बाहेर जाते, मला ओळखत नाही. हातपाय धड आहेत म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र मिळणार नाही, असं सांगतात.

सांगणाऱ्याचं चुकतं. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत डिमेन्शियाचं नाव स्वतंत्रपणे नाही. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत दिशाभान आणि स्मरणशक्ती यांतला मोठा बिघाड येतो. मनोविकार तज्ज्ञ आयडियाज नावाच्या मोजपट्टीने टक्के ठरवतात. तिच्यात चार गोष्टी तपासतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. सोबत आजार किती वर्षांचा तेही धरतात. दवाखान्यात आई दहा मिनिटं नीट बोलेल, म्हणून आधी आठवडाभर वही ठेवा. रोज किती वेळा कपडे खराब झाले, किती वेळा घराबाहेर गेली, जेवल्याचं विसरून पुन्हा किती वेळा ताट मागितलं, हे तारीखवार लिहा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मनोविकार तज्ज्ञ येतात, तो वार मंगळवार असतो. जाण्याआधी फोन करून खात्री करा. पुढची तपासणी लागली तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. तुम्हाला स्वतःला झोप नाही, रडू येतं, राग अनावर होतो, असं होत असेल तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांसाठीच्या योजनांची माहिती १४५६७ वर मिळते.

आईच्या कपड्याला आतून नाव आणि तुमचा मोबाइल नंबर शिवून ठेवा. दाराला कडी वर, तिच्या नजरेच्या वर, आणि शेजाऱ्यांना आजाराचं खरं नाव सांगा. लपवलं तर रात्री ती रस्त्यावर दिसली तरी कोणी हटकणार नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले वाचक, बेळगाव तालुका : मुलगी ३० वर्षांची, बोलत नाही, समजत नाही. आमच्यामागे तिला पेन्शन मिळेल का?

मिळू शकते, आणि तहहयात. अट ही की तिला स्वतःचा उदरनिर्वाह करता येत नाही हे वैद्यकीय प्रमाणपत्राने सिद्ध व्हावं. हे काम तुमच्या हयातीत करा. सैनिकी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर तुमच्या नोंदीत मुलीचं नाव आहे का, ती दिव्यांग म्हणून नोंदली आहे का, ते तपासा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या नोंदीला मदत करतं. दोघंही गेल्यावर नातेवाइकाने नव्याने सिद्ध करत बसणं फार जड जातं. पालकत्वाचं प्रमाणपत्रही आताच काढा, पेन्शन ज्याच्या हाती पडायची तो माणूस कागदावर असू दे.

सेवेमुळे आलेलं अपंगत्व १०० टक्के असेल आणि कायम माणूस लागत असेल, तर निवृत्तांना कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स असतो. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्यांना हे कळवा.

चिक्कोडीहून : उपचारांसाठी रेल्वेने न्यावं लागतं. सोबत्याच्या तिकिटाला सवलत आहे का?

आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षम आणि पूर्ण अंध यांना सेकंड, स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि तेवढीच एका सोबत्यालाही. रेल्वेचं फोटो ओळखपत्र काढावं लागतं. त्यासाठी सरकारी डॉक्टरचा दाखला रेल्वेच्याच नमुन्यात हवा, आणि त्यात 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' हे वाक्य आहे ना ते दवाखान्यातून निघण्याआधी वाचा. बेळगाव हुबळी विभागात येतं. अर्ज ऑनलाइनही करता येतो.

चाकाची खुर्ची विकत घेण्याआधी थांबा. घरचं उत्पन्न महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत साहित्य पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. शिबिराची तारीख व्हीआरडब्ल्यू सांगेल. खुर्ची घेताना दाराची रुंदी मोजून न्या. आपल्याकडच्या जुन्या घरांची आतली दारं अरुंद असतात आणि खुर्ची अंगणातच राहते.

शिक्षक, बेळगाव : पत्नीच्या भावाला ८५ टक्के अपंगत्व आहे, आमच्याकडेच असतो. आयकरात काही?

दिव्यांग अवलंबितासाठी कलम ८० डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती अवलंबून नाही. पण अवलंबितांत जोडीदार, मुलं, आईवडील आणि स्वतःची भावंडं येतात. मेहुणा तुमच्या यादीत बसत नाही, पत्नीच्या बसतो. तिला करपात्र उत्पन्न असेल तर तिने मागावी, आणि जुनी करपद्धती निवडली असेल तरच. मेहुण्याने स्वतःच्या विवरणपत्रात वजावट घेतली असेल तर तीही नाही.

केंद्र सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी: अवलंबित दिव्यांगाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मागता येते, तसे आदेश २०१४ आणि २०१८चे आहेत. बदलीची यादी निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दिव्यांग प्रमाणपत्र आणि 'मुख्य सांभाळणारा मीच' असं लेखी निवेदन आधीच सेवापुस्तकाला जोडून घ्या, आणि जोडल्याची पोच घ्या.